आवडतं गाणं राहू द्या, पैसे देऊन शेवटचं कधी ऐकलं ते सांगा

पोस्ट मोठी झालीय. ज्याला वेळ नाही त्यानं पुढं जावं, राग नाही. पण रविवारी मंडळाच्या बैठकीला येणाऱ्यांनी तेवढी वाचून यावी, कारण तिथं मी जे बोलणार आहे त्याची ही आधीच दिलेली नोटीस आहे.

मागच्या आठवड्यात सेलूच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका पोरानं सहज विचारलं, "तुमचं सगळ्यात आवडतं गाणं कोणतं, आणि प्रत्यक्ष समोर बसून ऐकलेला आयुष्यातला सगळ्यात भारी कार्यक्रम कोणता?" पहिल्या प्रश्नाला धो धो उत्तरं आली. किशोर, रफी, लता, भीमसेनांचे अभंग, प्रल्हाद शिंदे, नुसरत, अरिजित, अजय-अतुल. लिंका आल्या, बदाम आले, एका डॉक्टर साहेबांनी तर स्वतः गाऊन पाठवलं (बरं गातात, खोटं कशाला बोलू). रात्री अकरापर्यंत मोबाईल थरथरत होता. ग्रुपवर जमिनीचे प्लॉट आणि गुड मॉर्निंगच्या फुलांशिवाय काहीतरी आलं म्हणून मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या प्रश्नाला किती उत्तरं आली असतील? सहा. त्यातलं एक "आमच्या लग्नातला डीजे" असं होतं. एक माझ्या पुतण्याचं. तो पुण्यात आयटीत आहे, जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेला जाऊन आला. उरलेली चार उत्तरं साठीच्या पुढच्या माणसांची, आणि चारही गोष्टी ते नोकरीसाठी बाहेरगावी होते तेव्हाच्या. म्हणजे शेदीडशे माणसांच्या ग्रुपात आपल्याच गावात बसून, समोर माणूस गातोय, वाजवतोय आणि आपण ऐकतोय, असं एकालाही आठवलं नाही. का एखाद्याला आठवलं असेल पण ते सांगण्यासारखं वाटलं नसेल, तर ते अजून वाईट.

मी त्या दिवशी ग्रुपवर काही लिहिलं नाही. मोंढ्यातली दुकानदारी, खताच्या गोण्या मोजायच्या होत्या. पण डोक्यातून गेलं नाही. म्हणून आता लिहायलोय.

माझी उत्तरं आधी सांगतो, म्हणजे पुढचं कोणाच्या जिवावर बोलतोय ते कळेल.

माझा पहिला कार्यक्रम परभणीचा उरूस. हजरत तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याचा, फेब्रुवारीतला. आमच्या गल्लीत एक शिंपी चाचा होते, वडिलांचे दोस्त. त्यांनी मला नेलं. तेव्हा आपली रेल्वे छोटी लाईन होती. संध्याकाळच्या गाडीनं परभणी, आणि परतीला सकाळची गाडी. मधली रात्र कव्वालीत. मी दहा-अकरा वर्षांचा. पाळणे, मौत का कुआँ, खाजा, सगळं बघून झालं आणि मग चाचांनी मला मांडवात नेऊन बसवलं. कव्वालीतलं मला एक अक्षर कळलं नाही. पण टाळ्यांचा ठेका छातीत बसला तो आजपर्यंत निघालेला नाही. आणि एक गोष्ट लख्ख आठवते. एका ओळीवर चाचा उठले, माणसं ओलांडत पुढं गेले, कव्वालासमोर वाकले आणि दोन रुपयांची नोट ठेवून परत आले. त्या काळात चाचा पायजमा शिवायचे तीन की चार रुपये घेत. म्हणजे अर्ध्या पायजम्याची शिलाई त्यांनी एका ओळीवर ठेवली. मी विचारलं, "चाचा, पैसे काहून दिले?" ते म्हणाले, "बेटा, सुना ना हमने."

दुसरा कार्यक्रम शेजारच्या खेड्यातला, भीमजयंतीचा. आपल्याकडं चौदा एप्रिलला सुरू झालेली जयंती मे संपेपर्यंत गावोगाव चालते, हे बाहेरच्यांना नवल वाटतं. गायनपार्टी आलेली. पेटी, ढोलकी, खंजिरी, बाई एक आणि बाप्ये तीन. वामनदादा कर्डकांची गाणी एकामागं एक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, १९२२ ते २००४ एवढं आयुष्य, त्यातलं बहुतेक सगळं गावोगाव फिरत गाण्यात गेलं, आणि पुस्तक न वाचलेल्या माणसापर्यंत आंबेडकर पोचवले ते यांनी आणि यांच्यासारख्यांनी. त्या रात्री दर गाण्यानंतर गायक थांबून सांगायचा, अमक्यांकडून अकरा रुपये, तमक्यांकडून एकवीस. देणारे कोण? दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबलेली माणसं. एका म्हातारीनं पदराची गाठ सोडून पाच रुपये दिले आणि गायकाला म्हणाली, "ते बाबासाहेबाचं परत म्हण." त्यानं परत म्हटलं. फर्माईश करायचा हक्क तिनं रोख देऊन घेतला होता.

तिसरा पुण्याचा, सवाई गंधर्व. डिसेंबर १९९६. मी आणि एक मित्र रातराणी एसटीनं गेलो, अंगावर घरचीच शाल, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. तिकीट काढलं, खाली बैठकीवर बसलो. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूच्या नावानं १९५३ मध्ये हे सुरू केलं आणि वर्षानुवर्षं शेवटचं गाणं स्वतः गायलं. तेव्हा मैफल रात्रभर चालायची. पहाटे थंडीनं दात वाजायलेत, मांडवात हजारो माणसं आणि तंबोऱ्याशिवाय आवाज नाही. मला रागातलं आजही फारसं कळत नाही. यमन ओळखतो, भैरवी ओळखतो, बाकी शेजाऱ्याच्या मानेकडं बघून हलवतो. तरी त्या सकाळी भीमसेन गायला बसले आणि मी कधी रडायला लागलो ते मला कळलं नाही. मित्रानं पाहिलं, पण बोलला नाही. अजूनही कधी बोललेला नाही. महोत्सवाचा शेवट सवाई गंधर्वांच्या जुन्या तबकडीनं होतो. गाणारा जाऊन कित्येक वर्षं झालेली, घरघर करणारी ती तबकडी, आणि माणसं हात जोडून उभी. म्हणून कोणी मला "तुमचा रेकॉर्डिंगला विरोध आहे का" असं विचारू नका. रेकॉर्डिंगला माझा विरोध नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपण, म्हणजे सेलूतली जी शिकलेली, नोकरीची, दुकानाची, "आम्हाला संगीताची आवड आहे" म्हणणारी माणसं आहोत, आपण गाण्याला पैसे देत नाही. त्या शिंप्यानं दिले, त्या म्हातारीनं दिले. तमाशाला जाणारा दौलतजादा करतो, त्याला आपण नाकं मुरडतो. पण त्या सगळ्यांना एक गोष्ट माहीत आहे की समोरचा माणूस गळा झिजवतोय आणि त्याला घरी चूल आहे. आपण मात्र पहिला प्रश्न विचारतो, "पास आहे का?"

हे मी ऐकीव सांगत नाही. सात वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून इथंच एक बैठक ठेवली होती. नांदेडकडची एक तरुण गायिका, सोबत तबला आणि पेटी. तिकीट शंभर रुपये. शंभर! तालुक्याच्या गावी त्यात दोन प्लेट भजी आणि चहा होतो. विकली गेली एक्केचाळीस. आणि पास मागणारे फोन मला किमान साठ आले. "भाऊ, आपलं घरचंच आहे ना?" "भाऊ, मिसेसला आवड आहे, दोन ठेवा." एकानं तर चारचाकी रस्त्यावर लावून, काच खाली करून पास मागितले. शेवटी रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून आम्ही पास वाटले. ज्यांनी शंभर दिले होते ते मागं बसले, पासवाले पुढं.

मग सत्कार. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, मनोगत, दुसरं मनोगत, आणि एका पाहुण्यांना घाई होती म्हणून त्यांचं भाषण आधी, ते झाल्यावर ते गेले आणि त्यांच्यासोबत पहिल्या दोन रांगा गेल्या. एक तास दहा मिनिटं. त्या वेळात तबला उतरला. थंडीचे दिवस होते, तो पोरगा हातोडी घेऊन पुन्हा लावत बसला, तर मागून आवाज आला, "अजून ठोकाठोकीच चालू आहे का?" लोक हसले. ती पोरगी सव्वानऊला गायला बसली आणि दहाला आम्हाला ध्वनिक्षेपक बंद करायचा होता. पाऊण तास. नांदेडहून येऊन, आदल्या रात्री गळ्याला जपून, पाऊण तास.

आणि मानधन. कबूल केले होते बारा हजार. जमले नाहीत. मी तिच्या हातात आठ दिले आणि बाकीचे पाठवतो म्हणालो. पाठवले नाहीत. तिनं फोन केला नाही, मी केला नाही. चार हजार रुपये. माझ्या दुकानात एका बियाण्याच्या खोक्यावर उधारी यापेक्षा जास्त असते. या पोस्टच्या निमित्तानं मी परवा तिचा नंबर शोधून पैसे पाठवले. "सर, कशाबद्दल?" असा मेसेज आला. विसरली असेल, किंवा विसरल्यासारखं केलं असेल. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तर आवडीचं हे असं आहे. माझ्या पुतण्याला मी विचारलं, तिकीट कितीला पडलं रे? कोल्डप्लेची तिकिटं अडीच हजारापासून पस्तीस हजारापर्यंत होती. २०२४ मध्ये २२ सप्टेंबरला विक्री सुरू झाली आणि बघता बघता संपली, मग काळ्या बाजारात लाखांच्या गोष्टी, पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं. पोरगा साडेसहा हजार देऊन वरच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि सुखानं परत आला. मला त्याचं कौतुकच आहे. त्यानं पैसे दिले, रांगेत उभा राहिला, भिजल्यासारखा घामाघूम झाला, ऐकलं. चाचांच्या दोन रुपयांची ही नातवंडं आहेत. माझी तक्रार एवढीच की हाच पोरगा दिवाळीत सेलूला आल्यावर गावातल्या पखवाजवाल्याला ऐकायला चार पावलं जात नाही, आणि त्याचा बाप, म्हणजे माझा सख्खा भाऊ, शंभराच्या तिकिटाला पास मागणाऱ्या साठांतला एक होता. (दादा, वाचत असशील तर रागावू नको. नाव कुठं घेतलंय?)

आपल्या भागाचं गाणं परकं नाही. जनाबाई आपल्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची, नामदेव पलीकडच्या नर्सीचे. टाळ-मृदंग इथल्या घराघरात होता. कार्तिकात काकड्याला पहाटे चारला भजन ऐकत झोपेतून उठलेली पिढी अजून जिवंत आहे. शास्त्रीय म्हणाल तर नांदेडचे पंडित नाथराव नेरळकर, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेले, हयातभर मराठवाड्यात राहून शिकवत, गात राहिले. मार्च २०२१ मध्ये गेले. मी त्यांना दोनदाच ऐकलं, दोन्ही वेळा तेव्हाच्या औरंगाबादला. दोनदाच, कारण प्रत्येक वेळी "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणालो. आमच्या ग्रुपवर भीमसेन आवडणारे पंचवीस निघाले, नेरळकरांचं नाव एकानंही घेतलं नाही. जे पुण्याहून मोबाईलमध्ये येतं ते आपलं, आणि जे दोन तासांवर होतं ते कोणाचंच नाही.

आता डीजे.

मला माहीत आहे, इथपर्यंत वाचून अर्धे म्हणाले असतील, भाऊ डीजेवर कधी येणार. आलो. आणि आधी माझाच गुन्हा सांगतो. आमच्या मंडळात पहिला डीजे मी आणला. साल २०११, खजिनदार मी. त्याआधी दर अनंत चतुर्दशीला आमच्या मिरवणुकीत हलगी असायची. नऊ माणसांचा ताफा, जवळच्याच एका गावचा. तीन हलग्या, ताशा, सनई, बाकीचे धरायला आणि नाचायला. ते दुपारीच येत. कोपऱ्यावर कागद, काटक्या पेटवून हलग्या शेकत. कातडं तापलं की बोट मारून बघत, आवाज टणक झाला की म्हातारा मान हलवी. तो पहिला ठोका पडला की गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून दारात येत. म्हाताऱ्याची मागणी चौदा हजारांची असे, आणि आम्ही घासाघीस करून नऊवर आणत असू, वर जेवण. नऊ माणसांत नऊ हजार. तो करारही मीच करायचो, आणि तो जमला की मंडळात माझं कौतुक व्हायचं.

२०११ ला पोरं म्हणाली, बाकीच्या मंडळांनी डीजे केलाय, आपलीच मिरवणूक मढ्यासारखी दिसते. मी चाळीस हजार काढले. काढले म्हणजे लोकांच्या वर्गणीतून काढले. आणि हलगीवाल्यांना सांगायचं राहून गेलं. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. अनंत चतुर्दशीला दुपारी ते नेहमीसारखे आले. नऊच्या नऊ. कोपऱ्यावर नेहमीच्या जागी जनरेटरची गाडी उभी होती. म्हाताऱ्यानं मला हात केला. मी म्हणालो, "बाबा, यंदा हे केलंय." तो म्हणाला, "बरं केलंव." बाकीच्यांनी हलग्या पोत्यातून बाहेरही काढल्या नाहीत. थोडा वेळ उभं राहून, डीजेची जोडाजोडी बघून, आल्या वाटेनं गेले. जायला यायला गाडीभाडं त्यांचंच.

म्हातारा आता नाही. त्याचा पोरगा आमच्या मोंढ्यात हमाली करतो, माझ्याच दुकानातल्या गोण्या उचलतो. मी त्याला मागच्या महिन्यात विचारलं, हलगी आहे का घरात? म्हणाला, आहे, पण कातडं गेलंय. कोण भरणार, आणि कशाला.

मागच्या वर्षी आमच्या मंडळाचा डीजेचा खर्च लाइट आणि जनरेटर धरून एक लाख दहा हजार. हे पैसे सेलूत राहिले नाहीत. गाडी बाहेरची, ऑपरेटर बाहेरचा, आणि कलाकार कोण म्हणाल तर पेनड्राइव्ह. जिथं नऊ घरांत चूल पेटायची तिथं एका गाडीचा हप्ता फिटला.

आवाजाबद्दल थोडकंच बोलतो, कारण ते सगळ्यांना पाठ आहे आणि कोणी पाळत नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. मी मिरवणुकीत मोबाईलवर मोजलं तर शंभराच्या वर दाखवत होतं. मोबाईलचं अ‍ॅप काही सरकारी यंत्र नव्हे, चला, दहा कमी धरा. तरी दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते, हे नववी-दहावीच्या पोरांनाही माहीत असतं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना बायपास झालेली आहे, त्यांना घरचे दरवर्षी त्या दिवशी जालन्याला लेकीकडं नेऊन सोडतात. गणपती आपला, आणि काकू गावाबाहेर.

पण मला जास्त टोचतं ते वेगळंच. या दहाच्या नियमानं मेलं कोण? रात्रभराची मैफल मेली. सवाई गंधर्वसारख्या महोत्सवालाही रात्र सोडावी लागली. मध्यरात्रीनंतरचे राग, मालकंस म्हणा, दरबारी म्हणा, पहाटेचा ललत म्हणा, त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकायचे दिवस गेले. कव्वालीची, गायनपार्टीची रात्रही आक्रसली. तंबोरा दहाला गुपचूप बंद होतो. तो नियम पाळतो, कारण त्याच्या मागं पोरं नाहीत. ज्या भिंती हलवणाऱ्या आवाजासाठी नियम केला, तो आवाज मात्र चालूच. आमच्या त्या बैठकीत दहाला दोन मिनिटं कमी असताना एक गृहस्थ घड्याळ दाखवत उठले होते. तेच गृहस्थ चतुर्दशीला डीजेसमोर रात्री साडेअकराला फेटा बांधून उभे होते. मी पाहिलं, कारण मीही तिथंच उभा होतो.

आता जे बोललं जाईल त्यालाही उत्तर देऊन ठेवतो. "पोरं नाचणार कशावर?" हलगीवर नाचलेला एक माणूस दाखवा जो म्हणतो मजा आली नाही. "आधी त्यांचं बंद करा, मग आमचं." हे त्यांचं-आमचं मला सांगू नका. डीजे आज सगळ्याच मिरवणुकांत आहे, सगळ्या रंगांच्या झेंड्यांखाली आहे. मी माझ्या मंडळाचा जुना खजिनदार आहे, मी माझ्या घरातलं बोलतोय. दुसऱ्यांच्यातही कोणीतरी माझ्यासारखा बसलेला असेल, तो त्याच्या घरात बोलेल. "भाऊ, तुम्हाला शास्त्रीय पाहिजे, आम्हाला नको." शास्त्रीय कोण मागतंय? हलगी मागतोय, भजन मागतोय, गायनपार्टी मागतोय, आपल्याच पोरांचा ऑर्केस्ट्रा असेल तर तोही चालेल. "सैराट"च्या गाण्यांवर सगळ्यात आधी माझेच पाय हलतात. माझं म्हणणं एवढंच की वाजवणारा माणूस असावा, तो दिसावा, आणि त्याला पूर्ण पैसे मिळावेत.

२०२५ मध्ये सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलंय. चांगली गोष्ट आहे. त्यानं आपल्या कोपऱ्यावर काय वाजेल ते मात्र मुंबईत ठरणार नाही, ते रविवारी आपल्याच बैठकीत ठरेल.

मी मांडणार आहे ते असं. यंदा डीजे नाही. त्या एक लाख दहा हजारातले पंचवीस हजार हलगीच्या ताफ्याला, घासाघीस न करता, अर्धे आधी. मोंढ्यातल्या त्या पोरानं सांगितलंय की कातडं भरून मिळालं तर सहा माणसं अजून उभी राहतील, तीन नवी शिकवावी लागतील. कातडं भरायचा खर्च माझा, तो मंडळाच्या वहीत टाकू नका. पंधरा हजार भजनी मंडळाला. आणि दहा दिवसांतल्या एका संध्याकाळी एक कार्यक्रम, पन्नास रुपये तिकीट, पास कोणालाही नाही, मलासुद्धा नाही, माझ्या भावालाही नाही. सत्कार नाही, भाषण नाही, पाहुण्यांनी प्रेक्षकांत बसायचं. सातला सुरू म्हणजे सातला सुरू. उरलेले पैसे पुढच्या वर्षीसाठी बँकेत.

हा ठराव पडू शकतो, मला माहीत आहे. मंडळात चौदा जण आहेत, माझ्या हिशेबानं माझ्या बाजूनं पाच, विरोधात सहा, आणि तिघं जिकडं जास्त तिकडं. त्या तिघांसाठीच एवढं टाइप केलंय. पडला तर मी यंदा वर्गणी हलगीच्या ताफ्यालाच परस्पर देईन आणि मिरवणुकीत त्यांच्यासोबत सगळ्यात मागं चालेन. आवाज पोचणार नाही, पण चालेन.

बैठक रविवारी संध्याकाळी सहाला, नेहमीच्या जागी. शिव्या द्यायच्या असतील तर तिथं येऊन द्या, कमेंटमध्ये नको, मला दुकानात मोबाईल बघायला वेळ नसतो. कमेंटमध्ये त्या पोराच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहा. कोणाला, कुठं, समोर बसून ऐकलं, आणि त्याला किती दिले.